सपाट तळ

कॉव्हेंट्रीजवळ, ॲलस्लीच्या एका गराजात
नॉर्मन टिपेट बॉनेट पुसतो,
फडक्यानं नव्हे, तळव्यानं.

"पहिल्या वर्षातली. तळ सपाट.
उंच माणसाचे गुडघे थेट स्टिअरिंगला.
पुढं पायांसाठी खळगा ठोकला त्यांनी.
आलं शहाणपण."
बॉनेटची कुलपंही बाहेरून;
त्यांची किल्ली वेगळी,
आणि ती आत्ताही सापडत नाहीये.

मग पुढची का नाही घेतलीत?

तो खिसे चाचपायचा थांबतो.
पत्र्याच्या जोडावर बोट ठेवतो:
रेघ किंचित सुटलेली, पुन्हा धरलेली.
"इथं कुणीतरी विचार करत होतं.
नंतरच्यांत सगळं ठरलेलं."

"बस," म्हणतो.
इंजिन दोनदा खोकतं, लागतं.
गुडघे लागतात.
मी पाय आखडून घेते,
जागा होते.