ताण

नेल्सन, लँकेशायर. मंगळवार, सव्वानऊ.
म्युरिएल हार्टलीचा डावा पाय माझ्या मांडीवर.
घोट्याच्या आतल्या बाजूला, चार बोटं वर, ती जखम:
चौदा महिने उघडी.
बशीएवढी होती, आता रुपयाएवढी
(रुपया मनात म्हणते; तिला सांगते, दहा पेन्स).

मलमं झाली होती, शेजारणीचा मधही झाला होता.
पण शिरांमधली दारंच सैल झालेली,
वर चढलेलं रक्त पुन्हा खाली उतरायचं.
ओल आतून असली
की वरून कितीही चुना फासा.

म्हणून पट्टी. चार थर.
आधी लोकर, मग क्रेप,
मग आडवी-तिडवी फुल्या पाडत चढणारी,
निम्मी ताणलेली, निम्मी खालच्या वेढ्यावर,
शेवटी स्वतःलाच चिकटणारी.
हात एकाच ताणात ठेवायचा;
पोटरी रुंदावते तसा
दाब आपोआप उतरत जातो.

मार्चमधल्या एका रात्री तिनं
शिवणाच्या कात्रीनं सगळं कापून टाकलं.
सकाळी पाय टम्म.
मी रागावले नाही.
खरं तर रागावले. कात्री उंच कपाटावर ठेवून आले.

सत्तावीस वर्षं ती मागावर उभी होती,
सहा माग एकटीकडे.
अजून अंगठ्यानं पट्टी दाबून सांगते,
"इथे ढिली आहे गं, उकल."
आणि असतेच ढिली.

इचलकरंजीत बाबा रात्रपाळीला उभे असत.
नडगीवर आधी काळा डाग, मग पाणी, मग वास.
आई हळद भरायची,
वर जुन्या धोतराची पट्टी.
सैल.
घट्ट बांधलं तर दुखेल त्यांना, म्हणायची.
सकाळी ती पट्टी घोट्याशी गोळा झालेली असायची,
आणि बाबा पुन्हा निघालेले.

तिसरा थर गुडघ्याखाली संपवताना
माझ्या तोंडून काहीतरी गेलं असावं. आवाज नव्हताच.
"मम्मा म्हणालीस की पप्पा?" म्युरिएलनं विचारलं.
मागांच्या खडखडाटात त्या सगळ्या ओठच वाचायच्या,
लग्नं, मयत, मुकादमाच्या चहाड्या, सगळं ओठांवर.
"बाबा," मी म्हणाले.
"तेही तसंच दिसतं," ती म्हणाली.

पट्टीवर तिची सपाता चढत नाही,
म्हणून डाव्या पायात मेलेल्या नवऱ्याची.
चालायचं, हे तिला आता सांगावं लागत नाही:
पोटरी हलली की रक्त वर.
फटक फटक करत ती किटलीपर्यंत गेली,
तिथून वळून, आवाज न काढता,
मला काहीतरी बोलली. बरंच लांबलचक.

मी नुसतीच मान हलवली.
बाबाही घरी आल्यावर बराच वेळ असेच बोलायचे,
नुसत्या ओठांनी.
मला तेव्हाही वाचता आलं नव्हतं.