खळं

मासळीबाजारातल्या बर्फात दाबून
चवथीचं दूध मी ओरोसला नेलं.
थर्मासला अजून बांगड्याचा वास होता.
चवथी म्हणजे विलासिनी घाडींची गाय,
गणपतीच्या दिवशी जन्मली म्हणून ते नाव.
मागच्या उजव्या सडातून तीन आठवडे
फुटक्या ताकासारखं काहीतरी येतं,
कास दाबावी तर हाताला दगड.

प्रयोगशाळेतल्या रुबिना मुकादमनं
काचेची बशी उजेडाकडे धरली.
बशीभर जंतूंची साय,
सायीवर औषधाच्या सहा पांढऱ्या टिकल्या.
"औषध लागू पडलं की टिकलीभोवती खळं पडतं,
चंद्राला पडतं ना, तसं."
मी वाकून पाहिलं. साय टिकल्यांना
अगदी अंगाशी येऊन भिडलेली.
एकीभोवती होतं, नखाएवढं.
ते औषध आमच्या कपाटात नाही.
"असूही नये," रुबिना म्हणाली, "ते माणसांसाठी राखलंय."

अकरा वर्षं या टिकल्यांची नावं
मी चिठ्ठ्यांवर खरडली.
पाच दिवस, असं सांगायचो. दूध निवळलं की
दुसऱ्या दिवशीच बंद. उरलेली ट्यूब
फडताळात, हिंगाच्या डबीमागे, शेजारणीच्या गाईसाठी.
मला ठाऊक होतं.
तापलेल्या वासराला मीही टोचलंय, असू दे एक म्हणून,
कारण शेवटची होडी सुटायची होती.
कच्चे मेले.
निबर होते त्यांची वीण वाढली.

मग तिनं आणखी बशा काढल्या.
एक गोठ्याखालच्या वहाळाची.
एक शेणाची. त्याच शेणानं काकू
रोज सकाळी घरापुढचं खळं सारवतात,
तिथं नातू रांगतो, तिथंच आमसुलं सुकतात.
शेवटच्या बशीवर नुसतंच लिहिलेलं, बूट.
माझे.
त्या दिवशी मीच हसत पाय पुढे केला होता.
तेरा गोठे, आणि एवढी एकच जोडी.
सहाही टिकल्या कोरड्या.

संध्याकाळी बूट बेड्याबाहेर काढले,
पाय धुतले, आत गेलो.
"मगे आता काय करूचा, डाक्टरानू?"
मी डॉक्टर नाही, साधा पर्यवेक्षक.
मोठं काही सुचलंच नाही.
हिला सगळ्यांत शेवटी पिळा, म्हटलं.
हात साबणानं, आधी आणि मागाहून.
त्या सडाचं दूध वहाळात नको,
उकळून खड्ड्यात, वर चुना.
बाळाला घोंगडीवर ठेवा.
काकूंनी सगळं ऐकलं, बोटांवर मोजलं,
मग पायाखाली बघत विचारलं,
"आणि ह्या खळा?"

माडांवर चंद्र आला होता,
भोवती खळं, मोठं, स्वच्छ.
काकूंनी शेणाची बादली उचलली,
जराशी तोलली,
पुन्हा होती तिथं ठेवली.