तीस नंबर

मन्मथ म्हणाला, काका, तुमचा डेटा रात्रीच जायलाय,
तुम्ही झोपल्यावर.
देगलूर रोडपासून पाण्याच्या टाकीपर्यंत
नेट तोच देतो. उदगीरच्या आमच्या अख्ख्या गल्लीची जाग
त्याच्या मोबाइलवर दिसते.

महानंदा म्हणाली, पिन काढून ठेवा की हो, एवढं काय.
पण पिन काढणं म्हणजे उत्तर नव्हे.
बावीस वर्षं डीटीपी केलंय मी.
एक काना इकडचा तिकडं झाला तर मला झोप लागत नाही.

मग बसलो. मे महिना, कूलर कोरडा,
नळाची पाळी अजून पाच दिवसांनी.
आधी ब्राउझर बंद केला.
अपडेट नावाचा एक हावरट निघाला,
रोज रात्री अर्धा जीबी खाऊन
पुन्हा पहिल्या घासापासून सुरू. त्याला उठवलं.
भाच्यानं दिवाळीत उतरवलेला पिक्चर
अजून जगाला वाटणं चालूच होतं. तेही बंद.

आता काहीच नको चालायला.

राउटरचा हिरवा दिवा लुकलुकला.
मी घड्याळ धरलं.
दीड मिनिटानं पुन्हा.

काळी खिडकी उघडली, पांढऱ्या आकड्यांची.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, तीस.
म्हणजे चोर नाही, परदेश नाही, घरातलाच पत्ता.
आणि घरात तीस नंबरचं काही नाही.
साठ बाइट जातात. येत काहीच नाही.
हिशेब केला, दिवसाला नऊशे साठ हाका,
महिन्याचे पावणेदोन एमबी,
कुणाच्या तरी सुप्रभातच्या फोटोएवढे.

मग आठवलं, हा नंबर मीच दिलेला,
दुकानात, प्रिंटरच्या इवल्या बटनांनी.
खय्यूम म्हणाला होता, तीस रखो जी, याद रैता.
तुटलं तेव्हा कॉम्प्युटर माझ्याकडं आला,
प्रिंटर त्याच्याकडं गेला,
पाटी कुणीच नेली नाही.

यादीत तो प्रिंटर अजून आहे, फिकट.
त्याच्या रांगेत एक काम, सात वर्षांपूर्वीचं:
बिरादार_पत्रिका_दुरुस्त_शेवटची.
स्थिती: पाठवत आहे.

चारशे पत्रिका गेल्या होत्या,
बुधवारच्या जागी मंगळवार.
निलंग्याचे पाहुणे एक दिवस आधीच येऊन
अर्ध्या मांडवात बॅगांवर बसलेले.
मी सगळ्यांसमोर म्हणालो, खय्यूमनं जुनी फाइल छापली.
तो काही बोलला नाही.
चारच्या सुमारास खाली सतरंजी घालून
प्रिंटर ऑटोत ठेवला.

नवी फाइल तोवर नव्हतीच.
ऑटो कोपऱ्यावर वळल्यावर केली मी,
मंगळवार खोडून बुधवार,
आणि प्रिंट दाबलं.
कुणाला दाखवायला, ते तेव्हाही माहीत नव्हतं.
वायर टेबलावरून लोंबत होती.

माउसचं उजवं बटन दाबलं.
काढून टाकायचं? खात्री आहे?
दोन चौकोन, दोन्ही राखाडी.
पंखा गरम हवा फिरवत राहिला.

सकाळी मन्मथचा फोन. घावलं का काका?
घावलं म्हणलं.
काय होतं?
अपडेट होतं, म्हणलं.
मग ठीकय आता?
ठीकय की.

दिवा लुकलुकून गेला होता नुकताच.
मी मनात एकपासून मोजायला लागलो.