झाकण उलटं ठेवून

ऑर्लिनने बजावलं होतं: आधी बॉनेटवर हात ठेव.
गार लागलं तरच पुढे बोल.
गरम असेल तर समजून जा,
विकणाऱ्याने पहाटे उठून काहीतरी झाकलंय.

मी हातमोजा काढला.
मॉन्टाना, फेब्रुवारी, शून्याखाली बावीस,
कोठाराच्या पत्र्यावर बर्फाची साय,
आणि बॉनेट कोमट.

थेल्मा स्कोग्लंड दारात उभी, अंगात नवऱ्याचा कोट,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
"तीन लाख बारा हजार मैल," म्हणाली,
कुणी नातवाची उंची सांगावी तसं.

आकड्याला मी भीत नाही.
घोड्यांना नाल ठोकते मी; खूर आधी बघते, दात नंतर.
तीन लाख ओढलेलं चौथ्या लाखालाही जातं,
कुरकुरत का होईना.
आणि साठ हजारांचं, चकचकीत, नाजूक पंपाचं
एका रात्रीत धातूचा चुरा ओकून मरतं.
माझ्या भावाने घेतलं होतं तसलं.
हप्ते अजून चालू आहेत.

कूलंट स्वच्छ. टर्बोचा दांडा हलत नाही.
तेलाचं झाकण काढून उलटं ठेवलं भोकावर, इंजिन चालू करून.
उडालं तर पिस्टनच्या कड्या गेल्या.
ते थरथरलं, कडेला सरकलं,
पडलं नाही.

डॅशबोर्डच्या खणात वही.
दर पाच हजार मैलांना पेन्सिलीची एक ओळ:
तेल, गाळणी. तेल, गाळणी, डावा दिवा.
एका पानावर, पुढच्या कव्हराआडची ती पोलादी खुंटी,
करंगळीच्या पेराएवढी,
सैल होऊन गिअरांत पडली की सगळं संपलं:
"पट्टी लावून अडवली. आता झोप लागेल. आर्व्हिड."
पुढे अक्षर मोठं होत गेलेलं, वाकडं,
आणि मग दोन वर्षं
नुसतं कोरं.

तेलकांडी ओढली.
तेल कमी असतं तर कळलं असतं मला.
जास्त होतं. खुणेच्या बोटभर वर.
नाकाशी नेलं: डिझेल.

"रोज चालू करते मी," थेल्मा म्हणाली. "दहा मिनिटं.
तो म्हणायचा, उभं इंजिन गंजतं.
आत बसते. हीटर यायच्या आत बंद.
डिझेल काय फुकट येतं?"

दहा मिनिटांत हे धूड तापत नाही.
न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंती धूत
खाली तेलात उतरतं, तेल पातळ होतं,
बेअरिंगं उघडी पडतात.
सातशे सकाळी.
बंद ठेवलं असतंत तर बरं होतं,
हे वाक्य मी ओठांत धरून ठेवलं,
नाल ठोकताना खिळे धरते तसं.

ऑर्लिनच्या हिशेबात याला रकाना नाही.

"तेल बदलावं लागेल," एवढंच म्हणाले.
"मग बदलू की," ती म्हणाली, आणि बादली घेऊनच आली.

ती पासष्टशे म्हणत होती, मी पाच हजारांवर ठाम राहणार होते.
अठ्ठावन्नशेला तुटलं.
वही तिने मागून घेतली.
वहीवाचून हा ट्रक म्हणजे बिनपत्रिकेचं स्थळ,
उद्या विकायला काढला तर कोण विश्वास ठेवणार?
दिली.

जॉर्डनच्या अलीकडच्या चढावर, मागे ट्रेलर,
ट्रेलरमध्ये ऐरण आणि गवताच्या गाठी,
दुसऱ्या गिअरला पाय दाबून धरला
आणि धुरांड्यातून काळं काही निघालं, दाट,
आरशात रस्ता दिसेना.
सातशे सकाळी मैलभर पुरल्या.
मग राखाडी.
मग नुसती हवा थरथरताना.

दर रविवारी झाकण उलटं ठेवून बघते.
सरकतं थोडं.
पडलेलं नाही अजून.