रकाना चौदा

दोनशे बारा पोटं, तीन वर्षं.
सगळ्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलेलं:
एक भोक बेंबीशी, तीन बरगडीखाली.
जखम चिघळली: चार. पित्त गळलं: एक.
मधेच थांबून पोट उघडावं लागलं: नऊ.
मृत्यूच्या रकान्यात मी शून्य लिहिते
तेव्हा पेन जरा दाबूनच लिहिते.

रकाना चौदा म्हणजे 'कामावर परत, दिवस'.
राजधानीत तेरा. आमच्या चिलोएत सहा.
डॉक्टर ओयार्झुन खुर्चीतून उठलेच,
"बघ योहाना, ही माणसं लाकडाची आहेत!"
मी हसले. मीही इथलीच.
मला ते कौतुक वाटलं.

एकशे सत्तर नंबर फोन उचलत नव्हता.
'संपर्क तुटला' अशी खूण करायला
माझा हात दोनदा त्या ओळीवर जाऊन आला.
शेवटी चोन्चीहून फेरी बोट धरली,
दोन मेंढ्या, गॅसची सिलिंडरं, एक शववाहिका रिकामी,
आणि मी, छातीशी फाईल.

एदिता नाहुएलकिन घरी नव्हती.
ओहोटी होती, म्हणजे ती पाण्यात,
लुगा गोळा करत: तांबडं, निसरडं शेवाळ,
पाठीवरचं पोतं गळत होतं.
लांबूनच ओरडली,
"भरतीपर्यंत थांब. समुद्राला तुझा फॉर्म वाचता येत नाही."

मग चुलीपाशी. वाफेत वाळणारे मोजे.
दुखतं का, शून्य ते दहा?
तळलेलं पचतं का?
सरकारी माणसाला द्यावीत तशी उत्तरं,
एकेक, मोजून, मुठीतून सोडलेली.
चौदावा प्रश्न.
"पाचव्या दिवशी."
मी लिहिलं: पाच.

तिने स्वेटर वर केला.
"हे बघ. दिसतंय काही?
नवरा म्हणाला, एवढंच?
सासू म्हणाली, कोयता लागला होता माझा, त्याची खूण मोठी आहे.
आणि बटाटे तर काढायलाच आले होते.

पलीकडची ओतिलिया,
तिचं तुम्ही मधेच उघडलंत ना,
वीतभर, तेवीस टाके,
तिला दोन महिने कुणी ओंडका उचलू दिला नाही.
आम्ही आळीपाळीनं बटाट्याचे मिल्काओ न्यायचो तिच्याकडे.
मीही नेले.
वाटेत पोतं खाली ठेवून, श्वास घेत."

ओतिलिया आमच्या तक्त्यात लाल आहे.
गुंतागुंत, असं म्हणतो आम्ही तिला.

"दुखत नव्हतं?"
"आत दुखत होतं.
पण आतलं बघायला कोण होतं?
तुमची दुर्बीण तर परत गेली होती."

परतीच्या बोटीवर फाईल उघडली.
पाच. आकडा बरोबर होता.
तारखा जुळत होत्या, सही होती,
कुठंच चूक सापडेना,
आणि तरी किनारा येईपर्यंत मी ती शोधत राहिले.

अभ्यासाचा दुसरा टप्पा चालू आहे.
घरी सोडताना मलमपट्टी मीच करते.
चार ठिपक्यांवर चार चिकटपट्ट्या पुरतात,
मी कापूस घेते, जाळी घेते,
तळहाताहून रुंद पट्टा बेंबीपासून बरगडीपर्यंत ओढते,
कडेला थोडं आयोडिन सांडू देते, पिवळं, भीतीदायक.
आणि कानाशी सांगते:
पंधरा दिवस काढू नको. जेवताना स्वेटर नीट घालू नको.

सहाचे अकरा झालेत.
डॉक्टर ओयार्झुन रात्री उशिरापर्यंत फिती बघतात,
हात कुठे चुकतोय, कॅमेरा कुठे थरथरतो,
कालच म्हणाले, "योहाना, आपलं काहीतरी बिघडलंय."
मी कॉफी पुढे सरकवली.

सांगेन. अजून सांगितलेलं नाही.
सध्या पोटातच ठेवलंय.