खिडकी क्रमांक दोन

सतरा सप्टेंबरला झेंडा झाला की सुट्टी असते.
पण शुल्काची शेवटची तारीख अठरा,
आणि प्राचार्य म्हणाले,
दोन तास बसा, कोटगिरे बाई.
म्हणून मी खिडकीशी, आणि खिडकीपुढे रांग.

तिकडे वसमतच्या मोंढ्यात वेगळ्या राज्याची सभा.
भोंगा वाऱ्यावर येतो, जातो:
सिंचनाचा अनुशेष! रस्त्यांचा अनुशेष!
नोकऱ्यांचा!
डुबे प्रल्हाद, दुसरं वर्ष, जाळीला तोंड लावून विचारतो,
मॅडम, तीन विषयांचा अनुशेष असला
तरी फी पूर्णच का?

पूर्णच.

तो नोटा मोजतो. पिवळ्या नोटा,
त्याची माय हळदीच्या आडतीवर पोती शिवते.
मी मोजते तसा माझाही अंगठा पिवळा होतो.
पावतीच्या तीन प्रती:
पांढरी त्याची, गुलाबी बँकेची, तिसरी आमची.
तळाला बारीक अक्षरात, मीच टाइप केलेलं,
एकदा भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.

भोंगा म्हणतो, आम्ही विनाअट सामील झालो!
टाळ्या.

बोलणाऱ्या साहेबांची चार कॉलेजं आहेत,
एक औषधांचं.
तिथं खिडकीवर माझा मावसभाऊ बसतो,
तो सांगतो, आमच्याकडं दोन पावत्या असतात ताई,
एक कागदावर, एक लक्षात ठेवायची.

आमच्या दप्तरखान्यात एक वही आहे.
मुष्टिफंड, फसली तेराशे बावन्न.
तेव्हा मराठी शाळेला सरकारचा पैसा नव्हता,
सरकारची नजर तेवढी होती.
जुम्म्याच्या सुट्टीला पोरं पिशवी घेऊन दारोदार जायची,
दळण काढताना बाया एक मूठ ज्वारी बाजूला ठेवायच्या,
आणि कुणी तरी चिकट मास्तर प्रत्येक मूठ लिहून घ्यायचा.
तुळजाबाई कुंभारीण, एक मूठ.
गयाबाई, एक मूठ, थोडी किडकी.
इमामबी, अर्धी मूठ. बाकी उद्या.

उद्याचं पान वाळवीनं खाल्लंय.
इमामबीकडं आमचं अर्धी मूठ येणं आहे
की तिचंच आमच्याकडं,
बावीस वर्षं हिशोब लिहिते,
हा लागत नाही.

भोंगा म्हणतो, आपलं राज्य आलं
तर लेकराचं शिक्षण बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत फुकट!
रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.
मीही टाळी वाजवणार होते,
हातात शिक्का होता.
आणि खरं सांगायचं तर दुसरंही मनात आलं.
माझा पगार विनाअनुदानित तुकडीतून निघतो,
म्हणजे डुबेच्या नोटांतून.
फुकट झालं तर मला कोण देणार?
मुंबई की संभाजीनगर?
की पुन्हा पिशवी घेऊन पोरं?
हे मी कुणाला बोलले नाही.

शेवटी शेख अजीमा.
गणितात पहिली. हातात अर्धीच रक्कम.
शिष्यवृत्ती पोर्टलवर सात महिने एकच शब्द, प्रलंबित.
ती म्हणते, मॅडम,
वेगळं राज्य झालं तर पोर्टल पण वेगळं होईल का?
चेष्टा करत नव्हती ती.
मला सांगता आलं नाही.
काहून विचारतेस गं मला, एवढंच म्हणाले,
तेही जरा जोरात.

मोंढ्यात सभा उठली.
सतरंज्या गुंडाळायचा आवाज इथवर येत नाही,
पण भोंगा बंद झाला की कळतं.
सॉफ्टवेअर अर्धी रक्कम घेत नाही,
लाल चौकट दाखवतं.
मी ते बंद केलं.
जुनं पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला
आणि रकमेपुढे दाबून लिहिलं,
तिसऱ्या प्रतीपर्यंत उमटावं असं,
बाकी उद्या.

उद्या अठरा.