समासातली पेन्सिल

कदंब बस जिथं वळसा घेऊन वाळपईला परत फिरते
तिथं माझी शाळा. अकरा मुलं, चार इयत्ता, एक फळा.
फळ्यावर खडूच्या रेघांनी पाडलेले चार वाफे,
एकाला पाणी घालेपर्यंत दुसरा सुकतो.

हजेरीपटावर शाईनं लिहायचं: ह किंवा गै.
सरकारला तेवढंच हवं असतं.
पण नावांच्या डावीकडे बोटभर जागा कोरी राहते.
तिथं मी पेन्सिल चालवते, बारीक, स्वतःपुरती.

शिवलीला: रात्रभर धाकटा खांद्यावर.
विराज: चपला भावाच्या, पळायला सांगू नये.
क्रिसेलचे पाप्पा बोटीवर गेले परवा,
जगाचा नकाशा उघडताना जपून.
दुर्वाची आई कॅसिनोत, रात्रपाळी.
पहिला तास तिला झोपू द्यावं.

यात थोरपण काही नाही. मी विसरभोळी आहे.
आणि पहिली सहा वर्षं मी पट्टीची बाई होते.
एक मुलगी बाकावर झोपली, तिला उठवून मारली.
तिनं एक हात पुढं केला, मग न सांगता दुसरा.
तिला सवय होती.
तिचं नाव मी इथं लिहिणार नाही.

साईल मळीकच्या रकान्यापुढे मात्र नुसते ठिपके.
अंगणात त्याच्या बापाचा ट्रक,
खाण थांबली तसा थांबलेला.
टपावर दोडकीचा वेल चढलाय, दोडकी चांगली धरतात.
बाप ट्रकातच झोपतो, असं विराज म्हणाला.
साईल काहीच म्हणत नाही.
रोज मधल्या सुट्टीआधी पोट धरून येतो.
"टीचर, दुखता."
"खंय दुखता रे?"
"खंयच ना."

मी त्याला ओवा दिला. मग ओवा दिला नाही.
भाजी-पाव वाटताना टोपलीजवळ उभा केला,
पाव मोजायचं काम त्याला दिलं.
अकरा जण, बावीस पाव. तो तेवीस मोजायचा,
मी म्हणायची, बरोबर आहे.
तेविसावा कुठं जातो ते मी पाहिलं नाही.
म्हणजे पाहिलं, पण मान दुसरीकडे ठेवून.

एप्रिलात काजूच्या बोंडांचा वास वर्गात भरला असताना
भागशिक्षणाधिकारी आले. हजेरीपट उलटला.
"हे काय खरडलंय, बाई?"
त्यांना सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, म्हणजे सरकारी शब्द नव्हते.
म्हटलं, साहेब, विसरते मी.
"खोडून टाका. हे दप्तर आहे."

खोडलं त्या रात्री, कंदिलाएवढ्या बल्बखाली.
रबराचा भुगा मांडीभर जमला.
पण पेन्सिल दाबून लिहायची सवय जुनी,
कागद उजेडाकडे तिरका धरला
तर खाचा दिसतात अजून. बोटाला लागतात.
साईलचे ठिपके सगळ्यात खोल.

जूनमध्ये नवा हजेरीपट आला, करकरीत.
मी पेन्सिल पर्समध्येच ठेवली दोन आठवडे.
आईला बांबोळीच्या इस्पितळात ठेवलेलं,
पहाटेची बस, डोळ्यांत वाळू,
मुलांना बे एके बे घोकायला लावून
मी खिडकीतून ओहोळाचं लाल पाणी बघत बसायची.

एका दुपारी फळा पुसत होते.
मागं कुणीतरी उभं राहिल्याचं कळलं.
पोट धरलेलं नव्हतं त्यानं.
हातात पाव होता, खिशातल्या गोट्यांचा चुरा लागलेला.
"टीचर, तुमी जेवल्यात?"

हजेरीपटावर बाईंचं नाव सगळ्यात वर असतं,
शाळेच्या नावाखाली.
त्या नावाला समास नसतो.

मी डस्टर खाली ठेवलं.
अर्धा पाव त्याला दिला.
"ना रे," म्हटलं, "जेवूंक ना."